नवीन मासा धापा टाकतोय, औषध घालू का?

यावेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवीन मासा सोडला आणि तो धापा टाकायला लागला, आता काय घालू? मला विचाराल तर 'काय घालू' हा प्रश्न आपण फार घाईने विचारतो, त्याच्या आधी 'काय बघू' विचारलं तर कितीतरी मासे वाचतील. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पत्रं मोठी होती, थोडी कापून घेतलीयेत.

प्रश्न: ताई नमस्कार. माझा टँक ३०० लिटरचा आहे, वर्ष होत आलं. लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्री दगड) आहे, थोडे सॉफ्ट कोरल, मासे म्हणजे दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा. परवा संध्याकाळी यलो टँग मासा आणला, तासभर ड्रिप करून (टँकचं पाणी थेंबाथेंबाने पिशवीच्या पाण्यात मिसळून) सोडला. त्या रात्री मस्त फिरत होता, पण काल सकाळपासून पॉवरहेडच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी जाऊन उभा राहिलाय, कल्ले फार जोरात हलतायत, काही खात नाही. अंगावर डाग वगैरे काही नाही. अमोनिया झिरो आहे. दुकानदार म्हणतो स्ट्रेस आहे, दोन दिवस थांबा. मित्र म्हणतो टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) घाल. कोणाचं ऐकू?

उत्तर: यांना मी लगेच फोनवर सांगितलं होतं, अशा वेळी अंक छापून यायची वाट बघता येत नाही. इथे सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

मासा जोरात श्वास घेतोय म्हणजे त्याला ऑक्सिजन पुरत नाहीये, आपल्याला कळतं ते एवढंच. का पुरत नाहीये ते त्यातून कळत नाही. कधी पाण्यातच ऑक्सिजन कमी असतो. कधी पाण्यात भरपूर असतो पण कल्ले तो घेऊ शकत नाहीत, कारण ते अमोनियाने पोळलेत, किंवा त्यांच्यावर परजीवी चिकटलेत, किंवा सुजून चिकट झालेत. आणि कधी मासा नुसताच प्रवासाने घाबरलेला, दमलेला असतो. या तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर मासा जाऊ शकतो, दमलेल्या माशावर औषधांचा मारा करणं किंवा आजारी माशाला 'होईल बरा' म्हणून सोडून देणं, दोन्ही सारखंच वाईट.

म्हणून मी सगळ्यात आधी विचारते की धापा कोण कोण टाकतंय. यांचे क्लाउन आणि ग्रामा आरामात होते, खात होते. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे, पाणी विषारी नाही, जो काही त्रास आहे तो टँगच्या अंगात आहे. अमोनिया झिरो आला ते याच्याशी जुळतंच. जुने मासे पण धापा टाकत असते तर मी टँगकडे बघितलंच नसतं, आधी पाण्याच्या मागे लागले असते.

मग विचारते कधीपासून. प्रवासाचा ताण हा पिशवीतून बाहेर आल्या आल्या सगळ्यात जास्त असतो आणि मग तासातासाला कमी होत जातो, दुसऱ्या दिवशी मासा बऱ्यापैकी सावरलेला दिसतो. यांचा टँग उलटा गेला, पहिल्या रात्री चांगला आणि सकाळी बिघडलेला. चांगला असून मग बिघडला की माझ्या डोक्यात स्ट्रेस हा शब्द येतच नाही. दुकानदार मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणत नाही, दहातल्या बऱ्याच वेळेला खरंच स्ट्रेस असतो, पण तो ओसरताना दिसला पाहिजे.

आणि तिसरं, मासा कुठे उभा आहे. पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उभा असेल तर ऑक्सिजन किंवा अमोनिया. दगडामागे कोपऱ्यात पडून असेल तर बहुतेक घाबरलाय. पॉवरहेडच्या जोरदार प्रवाहात तोंड करून तासन्‌तास उभा असेल तर मला पहिली शंका येते ती वेलवेटची. कल्ले बंद पडत चाललेत, मग निदान जोराचं पाणी तरी तोंडातून आत जाऊ दे, अशी त्या बिचाऱ्याची धडपड असते.

वेलवेट म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम, एकपेशीय परजीवी. तो बहुतेक वेळा आधी कल्ल्यांवरच बसतो आणि अंगावर नंतर दिसतो, पुष्कळदा अंगावर दिसायच्या आतच मासा मेलेला असतो. त्यामुळे 'अंगावर काही नाही' यावर निर्धास्त राहू नका. माशाला सोडून खाली पडलेल्या या परजीवीच्या एकेका गाठीतून २५६ पर्यंत पिल्लं बाहेर पडतात आणि नवीन मासा शोधत पोहायला लागतात, म्हणून हा आजार दोन दिवसांत अख्खा टँक रिकामा करू शकतो. दुकानदाराचे 'दोन दिवस थांबा' इथे महागात पडतात ते यामुळेच.

बघायचं कसं? टँकचे आणि खोलीचे दिवे घालवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, उजेड माशाच्या अंगावरून घासत गेला पाहिजे. पाठीवर आणि पंखांच्या पारदर्शक भागावर पिठी उडाल्यासारखा पिवळसर किंवा करडा थर चमकला तर वेलवेट. इच म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन हा दुसरा परजीवी असेल तर सुटे सुटे पांढरे दाणे दिसतात, मोजता येतील असे. वेलवेटचे मोजता येत नाहीत. आणि वेलवेट झालेला मासा उजेड टाळतो, अंधारात राहतो, हे पण लक्षात ठेवा.

श्वास मोजायची सवय पण लावून घ्या. काचेला नाक लावून नाही, जरा लांब बसून, मासा तुम्हाला विसरला की मग. कल्ल्यावरचं झाकण एकदा उघडून मिटलं की एक, १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. जातीजातीत फरक असतो त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही, पण लहान रीफ मासे शांत असताना मिनिटाला ८०च्या आसपास असले तर मी काळजी करत नाही आणि १२०च्या वर सतत राहिले तर करते. एका आकड्यापेक्षा तो चढतोय का उतरतोय हे महत्त्वाचं, म्हणून सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. पहिल्या संध्याकाळी ११० आणि सकाळी ८५ असेल तर शांतपणे चहा प्या. ९० चे १४० झाले तर उठा.

आता करायचं काय. टँकमध्ये कॉपर अजिबात घालायचं नाही. कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल, शिवाय दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात त्यामुळे पातळी कधी नीट राहतच नाही. मासा बाहेर काढायचा. वेगळा, रिकामा टँक, वाळू दगड काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हीटर, आणि एअर स्टोन जोरात. तिथे टाकायच्या आधी गोड्या पाण्याची डिप, म्हणजे थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवायचं, पाणी क्लोरीन नसलेलं, टँकच्याच तापमानाचं, खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास आणलेलं आणि हवा सोडत ठेवलेलं. साधारण ५ मिनिटं, आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. मासा सुरुवातीला आडवा पडतो, थोडा तडफडतो, ते चालतं, पण पूर्ण सैल पडला तर लगेच बाहेर. डिपने कल्ल्यांवरचे बरेच परजीवी फुटतात आणि मासा काही तास मोकळा श्वास घेतो, तेवढंच. बरा होत नाही. बरा करायला कॉपरच.

कॉपर दोन प्रकारचं मिळतं आणि इथे लोक फार घोळ घालतात. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेलं) असेल तर पातळी २ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), साधं आयोनिक (न बांधलेलं) असेल तर ०.२० च्या आसपास, म्हणजे दहापट फरक. बाटलीवर कुठलं आहे ते वाचा, आणि टेस्ट किट त्याच प्रकारचं कॉपर मोजणारं आहे ना ते पण बघा. एरवी पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवतात, वेलवेटमध्ये तेवढी सवड नसते, दिवसभरात पोचावं लागतं. मग ती ३० दिवस खाली येऊ द्यायची नाही, रोज मोजायची, पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतं कॉपर परत घालायचं.

आणि क्लाउन, ग्रामा कितीही छान दिसत असले तरी त्यांनापण काढायचं. हे कोणालाच आवडत नाही, दगड उपसावे लागतात, कोरल हलतात, पण परजीवी आता टँकमध्ये आहे आणि त्याला खायला तेच उरलेत. मुख्य टँक माशांशिवाय ठेवायचा, वेलवेटसाठी ६ आठवडे पुरतात असं धरतात, इच नाही याची खात्री नसेल तर ७६ दिवस. मी ७६ च सांगते.

यांच्या टॉर्चमध्ये त्याच रात्री पिठी दिसली. टँग डिपनंतर जरा बरा वाटला पण दुसऱ्या दिवशी गेला, फार उशीर झाला होता. ग्रामाच्या पंखांवर त्याच संध्याकाळी दिसायला लागलं होतं, तो आणि दोन्ही क्लाउन कॉपरमध्ये वाचले, हे लिहिताना मुख्य टँक अजून माशांशिवायच चालू आहे.

प्रश्न: मागवलेले मासे पार्सलने आले, पिशव्या जवळजवळ ३० तास बंद होत्या. पिशवी उघडली तेव्हा मासे शांत होते. मग व्यवस्थित दोन तास ड्रिप केलं, थेंब थेंब, कुठेही घाई नाही. अर्ध्या तासातच तोंडं वर करून धापा टाकायला लागले, कल्ले लालभडक, दोन अँथिअस मासे रात्रीच गेले. इतकं हळू करूनही असं का?

उत्तर: इतकं हळू केलं म्हणूनच. वाचून वाईट वाटेल, पण तुम्ही सगळीकडे सांगतात तेच केलंत, फक्त ते सांगणं जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशासाठी असतं. लांबून आलेल्या पिशवीचं गणित वेगळं आहे.

बंद पिशवीत मासा दोन गोष्टी सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच खाली येतो, ७ च्या आसपास किंवा अजून खाली. आता अमोनियाचं असं आहे की पीएच कमी असला की तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि तो माशाला फारसा बाधत नाही. पीएच ७ ला समुद्राच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ ला तोच ७ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अमोनिया एक थेंबही न वाढता विष पंधरापट. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो, वर तुम्ही ८.२ चं पाणी थेंबाथेंबाने सोडताय, पीएच चढतोय, आणि मासा त्याच पाण्यात बसलाय. पिशवीत शांत होते आणि उघडल्यावर धापा सुरू झाल्या, कल्ले लालभडक, हे चित्र अमोनियाचंच आहे, त्यात मला शंका नाही.

लांबून आलेल्या माशाची पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तरंगवा, तापमान जुळू द्या. उघडली की लगेच खारटपणा मोजा, रिफ्रॅक्टोमीटरनेच, आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने कॅलिब्रेट केलेला हवा. क्वारंटाइन टँकचं (नवीन मासे आधी वेगळे ठेवायच्या टँकचं) पाणी त्या खारटपणाला आणा आणि मासा तडक त्यात, पिशवीचं पाणी फेकून द्या, ते टँकमध्ये जाता कामा नये. विक्रेत्याला आधीच विचारलंत की तुमचं पाणी किती ग्रॅव्हिटीचं (हे पण खारटपणाचंच माप) आहे, तर टँक आदल्या दिवशीच तयार ठेवता येतो, बरेच जण १.०१९-१.०२० ला ठेवतात. १.०१९ मधून एकदम १.०२५ मध्ये टाकलेला मासा पण धापा टाकतो, खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं आणि अचानक खारटपणा वाढला की शरीराला ते पेलत नाही, हा त्रास कधीकधी दोन-तीन दिवसांनी बाहेर येतो. खाली उतरणं मासा सहन करतो, वर चढणं नाही. त्यामुळे वर नेताना रोज ०.००१ ते ०.००२, त्याहून जास्त नको.

ज्या माशांचे कल्ले आधीच पोळलेत त्यांना औषध नाही. स्वच्छ पाणी, भरपूर हवा, मंद उजेड, आणि कोणीही त्रास न देणं. कल्ले हळूहळू भरून येतात.

प्रश्न: ताई मी अकरावीत आहे. माझा ८० लिटरचा टँक आहे, एक डॅमसेल मासा आणि क्लीनर श्रिंप (कोळंबी) होता. मागच्या आठवड्यात चार क्रोमिस मासे आणले. रोज सकाळी उठलो की सगळे वर येऊन धापा टाकत असतात, डॅमसेलपण, श्रिंपपण दगडाच्या टोकावर येऊन बसतो. लाइट लागल्यावर तासा दोन तासात सगळं नॉर्मल. अमोनिया नायट्राइट झिरो. रात्री आवाज होतो म्हणून स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद करतो. वर काचेचं झाकण आहे. वेलवेट असेल का?

उत्तर: नाही रे, वेलवेट नाही. तू इतकं नीट बघून लिहिलंयस की उत्तर तुझ्याच पत्रात आहे. जुना मासा, नवे मासे आणि श्रिंप, तिघंही. श्रिंपला माशांचा वेलवेट होत नाही, म्हणजे कारण पाण्यात आहे. आणि रोज सकाळी त्रास, उजेड झाला की बरं, म्हणजे ऑक्सिजन.

दिवसा टँकमधलं शेवाळ आणि कोरलमधलं शेवाळ उजेडात ऑक्सिजन बनवतात. रात्री बनवणारं कोणी नाही, वापरणारे सगळे, मासे, श्रिंप, दगडातले बॅक्टेरिया, ते शेवाळ स्वतःसुद्धा. त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात खाऱ्या पाण्यात मुळातच कमी मावतो, २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला साधारण ८.२ मिलिग्रॅम विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास, आणि पाणी ३० अंशाला गेलं की ६.२ वर येतो, वर गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. एकटा डॅमसेल असताना तुझा टँक कसाबसा भागवत होता, चार क्रोमिस आले आणि तूट उघडी पडली. आणि तू नेमका रात्रीच स्किमर आणि वेव्हमेकर बंद करतोस!

हवा पाण्यात जाते ती वरच्या पृष्ठभागातून, पृष्ठभाग हलला तरच. वर तेलकट साय धरलीय का बघ, धरली असेल तर तीपण अडवते. आज रात्री वेव्हमेकर चालू ठेव, त्याचं तोंड थोडं वर कर म्हणजे पाण्यावर लाटा उठतील, झाकण थोडं सरकव, पण फट एवढी नको की मासा उडी मारेल, जाळी लावलीस तर उत्तम. उद्या सकाळी काहीही झालं नाही तर निदान पक्कं, बाटलीतलं काहीच घालायची गरज नाही. आवाजाचं म्हणशील तर स्किमर एक वेळ रात्री बंद ठेव, पाणी हलवणारं मात्र काहीतरी चोवीस तास चालू पाहिजेच. आणि वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेव, जमेल तेव्हा घे.

अजून एक प्रयोग कर, तुला आवडेल. पहाटे आणि संध्याकाळी पीएच मोज. पहाटे ७.८ आणि संध्याकाळी ८.२ असा फरक दिसेल, कारण ऑक्सिजन कमी होतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. ऑक्सिजनचं मीटर नसलं तरी पीएचवरून अंदाज येतो. आणि आता मासे वाढवू नकोस, ८० लिटरला पाच भरपूर झाले.

प्रश्न: समुद्रातून पकडलेली क्लाउनची जोडी आणली. दुसऱ्याच दिवशी अंगावर पांढरट चिकट साय, ती पापुद्र्यासारखी सुटून लोंबते, रंग फिका पडलाय, दोघंही जोरात श्वास घेतायत. वेलवेट समजून कॉपरमध्ये ठेवले, तीन दिवसांत काहीच फरक नाही, उलट वाढलंय.

उत्तर: क्लाउन, चिकट साय आणि धापा असं एकत्र आलं की ब्रूकलिनेला नावाचा परजीवी समजायचा. याच्यावर कॉपर चालत नाही, तुम्ही कितीही दिवस ठेवा. वेलवेटमध्ये कोरडी पिठी दिसते, यात ओला चिकटा असतो आणि तो सुटून पडतो, फरक एकदा बघितला की विसरत नाही. हा परजीवी माशाच्या अंगावरच एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो, मध्ये खाली पडून थांबायची भानगड नाही, म्हणून वाढतो फार झपाट्याने.

आज गोड्या पाण्याची डिप द्या, वर लिहिलीय तशी, त्याने जरा श्वास मोकळा होईल. मुख्य उपाय फॉर्मलिनची आंघोळ. ३७ टक्के फॉर्मल्डिहाइडचं फॉर्मलिन, लिटरला ०.१५ मिली, वेगळ्या बादलीत, ३० ते ६० मिनिटं, एअर स्टोन पूर्ण जोरात कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि तुमच्या माशांना आधीच तो पुरत नाहीये. मासा जास्त बेचैन झाला तर वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता काढा. नंतर नव्या स्वच्छ टँकमध्ये, जुन्यात परत नाही. एक दिवसाआड परत करावी लागू शकते. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला असेल तर ते फॉर्मलिन माशाला विषच आहे, फेका. आणि तुमच्यासाठी सांगते, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलपात, फॉर्मल्डिहाइडने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. ज्यांना हे घरात आणायचंच नाही त्यांनी मेट्रोनिडाझोल या औषधाची वाट धरावी, पण दोन दिवसांत मासा खालावतोय असं दिसत असताना मी फॉर्मलिनच म्हणेन.

प्रश्न: बटरफ्लाय मासा आणून आठ-नऊ दिवस झाले. खातो, फिरतो, पण एकाच बाजूचा कल्ला हलतो, दुसरा मिटलेला असतो. मधूनच जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो आणि दगडावर अंग घासतो. श्वास थोडा जोरात. थांबू का?

उत्तर: थांबू नका, पण घाबरूही नका, तुमच्याकडे वेळ आहे. एक कल्ला मिटलेला, जांभया, अंग घासणं, आणि हे सगळं दिवसांच्या हिशोबाने हळूहळू, हे फ्लूक्सचं लक्षण आहे. फ्लूक्स म्हणजे अगदी बारीक चपटे कृमी, बटरफ्लाय आणि एंजल माशांवर फार असतात. एकदोनदा जांभई दिली तर काही नाही, सगळेच देतात, सारखी दिली तर समजा कल्ल्यात काहीतरी टोचतंय.

खात्री करायला गोड्या पाण्याची डिप गडद रंगाच्या भांड्यात द्या. अंगावरचे मोठे फ्लूक्स एरवी पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे होऊन गळून पडतात, तळाशी तिळापेक्षा लहान पांढरे चपटे ठिपके दिसतील. कल्ल्यातले त्याहून बारीक असतात, त्यांना मायक्रोस्कोप लागतो, त्यामुळे भांड्यात काही पडलं नाही म्हणजे फ्लूक्स नाहीत असं धरू नका. औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस नक्की, कारण पहिल्याने अंडी मरत नाहीत. दुसरा डोस न दिल्यामुळे परत परत तेच होणारे कितीतरी जण मला पत्र लिहितात. औषध घातल्यावर पाणी गढूळ होऊन ऑक्सिजन घसरू शकतो, तेव्हा हवा चालू ठेवा. काही रॅस जातीच्या माशांना हे औषध सोसत नाही, ते सोबत असतील तर वेगळे करा.

दोन डोस होऊनही तो एकच कल्ला मिटलेला राहिला आणि मासा बाकी ठणठणीत असेल तर जुनी इजा असेल. त्याच्यासह मासे वर्षानुवर्षं जगतात.

प्रश्न: नक्की कळत नसेल तर कॉपर, फॉर्मलिन, प्राझी सगळंच एकदम घातलं तर? शिवाय अमोनिया वाढू नये म्हणून अमोनिया बांधणारं कंडिशनर पण घालतो.

उत्तर: कृपा करून नको. ज्याचे कल्ले आधीच थकलेत त्याच्या पाण्यात ऑक्सिजन खाणारी दोन औषधं आणि वर कॉपर, आजारातून वाचला तरी यातून वाचणार नाही. आणि ते कंडिशनर तर अजिबातच नको, अमोनिया बांधणारी बरीच कंडिशनर कॉपरचं जास्त विषारी रूप बनवतात, मासे तासाभरात आडवे होतात आणि लोकांना वाटतं आजारानेच गेले. कॉपर चालू असताना अमोनिया दिसला तर पाणी बदला, तेवढं कॉपर मिसळलेल्या ताज्या पाण्याने.

कळत नसेल तर डिप द्या, ती वेलवेट, ब्रूकलिनेला, फ्लूक्स तिन्हीत थोडा आराम देते, आणि त्या मिळालेल्या तासांत टॉर्च घेऊन बघा, पिठी का चिकटा का दोन्ही नाही. मग एकच औषध. औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा नाहीतर तो औषध ओढून घेईल, यूव्ही दिवा बंद ठेवा, स्किमर पण बंद करावा लागतो. आणि स्किमर बंद केलात की पाण्यात हवा घालणारं मोठं यंत्र बंद झालं हे विसरू नका, त्याच मिनिटाला एअर स्टोन सुरू करा.